शिकवणारे हात शिकत राहिले पाहिजेत



डायलिसिस हा शब्द आज आपल्या वस्त्यांमध्ये कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मधुमेह आणि रक्तदाब ही दोन दुखणी घराघरात शिरली आणि त्यांच्या मागोमाग किडनीचे दुखणे आले. आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा माणूस इस्पितळात जातो, चार-चार तास मशीनला जोडलेला पडून राहतो आणि गळून घरी येतो. त्याच्याबरोबर घरातले आणखी एक माणूस जाते, म्हणजे दोघांची रोजी बुडते. हे चित्र आपल्या परिचयाचे आहे.

परंतु डायलिसिसचा दुसरा एक प्रकार आहे आणि तो घरी करता येतो, ही गोष्ट अजून पुष्कळांना ठाऊक नाही. त्याला पेरिटोनियल डायलिसिस म्हणतात. आपण त्याला पोटाचे डायलिसिस म्हणू. आज आम्हाला त्याविषयी लिहायचे आहे. मात्र रुग्णाने काय करावे एवढेच सांगून आम्ही थांबणार नाही. डॉक्टरांनी आणि सिस्टरांनी काय शिकले पाहिजे, आणि शिकत राहिले पाहिजे, हाही आजचा विषय आहे. कुणी म्हणेल, डॉक्टरांच्या शिक्षणाशी आपला काय संबंध? आमचे म्हणणे असे की, संबंध अगदी जवळचा आहे. या उपचारात रुग्णाच्या घरचेच माणूस रोज हाताने उपचार करते आणि ते हात कसे चालवायचे हे सिस्टर शिकवते. शिकवणारीचे शिक्षण कच्चे राहिले तर त्याचा भुर्दंड रुग्णाच्या पोटाला बसतो.

हा उपचार आहे तरी काय?

आपल्या पोटात आतड्यांभोवती एक पातळ पडदा असतो. त्याला पेरिटोनियम म्हणतात. या पडद्यात रक्ताच्या बारीक बारीक वाहिन्यांचे जाळे असते. पोटात एक मऊ नळी कायमची बसवतात. त्या नळीतून ग्लुकोज आणि क्षार घातलेले निर्जंतुक पाणी, बहुधा दोन लिटर, पोटात सोडतात. ते चार ते सहा तास आत ठेवतात. तेवढ्या वेळात रक्तातली घाण आणि जादा पाणी त्या पडद्यातून पाझरून पोटातल्या पाण्यात येते. मग ते पाणी बाहेर काढून टाकायचे आणि ताजे भरायचे. दिवसातून तीन-चार वेळा हे करावे लागते. एका वेळेला अर्धा-पाऊण तास पुरतो. मशीन नाही, सुई नाही, वीज नाही. मधल्या वेळात माणूस हिंडू-फिरू शकतो, हलके काम करू शकतो. रात्री झोपेत आपोआप पाणी बदलणारे यंत्रही मिळते, पण ते महाग आहे.

ही पद्धत काही कालपरवाची नव्हे. जर्मनीतील गांटर नावाच्या डॉक्टरांनी १९२३ साली माणसावर तिचा पहिला प्रयत्न केला. कायमची बसणारी नळी टेंकहॉफ यांनी १९६८ साली पुढे आणली. दिवसभर पाणी पोटात ठेवून चालते-फिरते डायलिसिस करण्याची कल्पना अमेरिकेतील पोपोविच आणि मॉनक्रीफ यांनी १९७६ साली मांडली. त्यानंतर कॅनडातील ओरिओपोलस यांनी काचेच्या बाटल्यांऐवजी प्लास्टिकच्या पिशव्या वापरात आणल्या आणि हा उपचार घरात आला. आपल्या देशात तो १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सुरू झाला.

भीती एकाच गोष्टीची

या उपचाराचा मोठा शत्रू म्हणजे पोटातल्या पडद्याला होणारा जंतुसंसर्ग. त्याला पेरिटोनायटिस म्हणतात. नळीचे तोंड उघडून पिशवी जोडताना बोटाचा नुसता स्पर्श झाला तरी जंतू आत जाऊ शकतात. मग पोट दुखते, ताप येतो आणि बाहेर पडणारे पाणी गढूळ दिसते. वेळेवर उपचार झाला तर बहुतेक रुग्ण बरे होतात. वेळ गेली तर नळी काढावी लागते, पडदा निकामी होऊ शकतो आणि जीवही जाऊ शकतो.

सुरुवातीच्या वर्षांत हा संसर्ग फार होत असे. मग इटलीतील पेरुजिया येथील बुओनक्रिस्तियानी या डॉक्टरांनी १९८० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत एक साधी युक्ती काढली. इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची नळी घ्यायची. आधी थोड्या ताज्या पाण्याने ती धुऊन ते पाणी बाहेर टाकायचे आणि मगच पोट भरायचे. जोडताना चुकून आत आलेले जंतू त्या धुण्याबरोबर निघून जातात. एवढ्याशा बदलाने संसर्ग खूप घटला. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. काम करण्याची रीत तेवढी बदलली.

पिशवी एकच, निकाल वेगवेगळे

यापुढची गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या दोन देशांत डायलिसिसच्या रुग्णांची एक सामाईक नोंदवही ठेवली जाते. २००३ पासून तिच्यात पोटाच्या संसर्गाचीही नोंद होऊ लागली. कोणत्या केंद्रात किती रुग्णांना किती वेळा संसर्ग झाला, हे कागदावर आले. तेव्हा दिसले की, काही केंद्रांत संसर्ग अगदी थोडा, तर काहींत त्याच्या कितीतरी पट. देश तोच, पिशव्या त्याच, औषधे तीच. मग फरक कशाचा? रुग्णांच्या वयात आणि आजारांत काही फरक असतो हे खरे, पण तेवढ्याने एवढी मोठी तफावत उलगडत नाही. बराचसा फरक केंद्राच्या कामाच्या रीतीत होता.

२०११ साली तिथल्या तज्ज्ञांनी आपल्याच व्यवसायबंधूंना जाहीर हाक दिली की, ही स्थिती शोभणारी नाही, ती सुधारू या. केंद्रांचे आकडे त्यांच्यासमोर ठेवले गेले, मार्गदर्शक नियम पाळण्याचा आग्रह धरला गेला, डॉक्टरांचे आणि सिस्टरांचे प्रशिक्षण हाती घेतले गेले. ऑस्ट्रेलियात आधी माणशी वर्षाला ०.६ च्या आसपास असलेले संसर्गाचे प्रमाण पुढच्या काही वर्षांत ०.४ च्या आसपास उतरले. शंभर रुग्णांचे म्हणाल तर वर्षाला साठ आजारपणांची चाळीस झाली. वीस आजारपणे टळली म्हणजे वीस वेळा कुणाचे तरी घर इस्पितळाच्या व्हरांड्यात झोपायचे वाचले.

दुसरा दाखला हाँगकाँगचा. तिथे १९८५ पासून सरकारी इस्पितळांत पोटाच्या डायलिसिसलाच पहिला मान आहे. तिथल्या एका विद्यापीठाच्या रुग्णालयाने आपल्याच सिस्टरांच्या कामाचा हिशेब मांडला आणि २००७ साली प्रसिद्ध केला. ज्या सिस्टर अधिक वर्षे हे काम करीत होत्या, त्यांनी शिकवलेल्या रुग्णांत संसर्ग कमी असेल असे कुणालाही वाटेल. निघाले उलटे! तीन वर्षांहून जास्त अनुभव असलेल्या सिस्टरांनी शिकवलेल्या रुग्णांत, बहुधा कातडीवरून येणाऱ्या जंतूंचा संसर्ग अधिक आढळला. हा एकाच रुग्णालयाचा अभ्यास आहे, त्यावरून साऱ्या जगाचा नियम काढता येणार नाही. पण विचार करायला लावणारा आहे. आम्ही कचेरीत काम करणारी माणसे, आम्हाला त्यातले मर्म लगेच कळते. नवा कारकून नियमाचे पुस्तक उघडून फाईल लिहितो. जुना कारकून सवयीने लिहितो. नियम मध्येच बदललेला असला तरी सवय बदलत नाही. अनुभवाला मान द्यावाच, पण अनुभवाला अधूनमधून उजळणीची जोड पाहिजे. त्या उजळणीलाच डॉक्टर मंडळी निरंतर शिक्षण म्हणतात.

तिसरा दाखला ब्राझीलचा. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या मोठ्या अभ्यासात असे आढळले की, ज्यांना एकूण पंधरा तासांहून अधिक शिकवले गेले त्यांच्यात संसर्ग कमी होता आणि ज्यांना दिवसाला एक तासही शिकवले नाही त्यांच्यात जास्त होता. म्हणजे शिकवायला दिलेला वेळ हासुद्धा औषधासारखाच मोजून द्यायचा असतो.

एका घराची हकीकत

आमच्या माहितीतल्या एका कुटुंबाची हकीकत इथे सांगतो. नावे सांगत नाही, इस्पितळाचेही सांगत नाही. गृहस्थ सफाई कामगार. दोन्ही किडन्या गेल्या. पोटात नळी बसवली. पाणी बदलायचे काम त्यांच्या पत्नीने शिकायचे ठरले. बाई सातवी शिकलेल्या, पण कामाला चोख. त्यांना एका दुपारी घाईघाईने एकदा करून दाखवले आणि हातात इंग्रजी कागद दिला. तो कागद त्यांनी देवाणघेवाणीच्या पावत्यांबरोबर पत्र्याच्या पेटीत ठेवून दिला, कारण घरात तो वाचणारे कुणी नव्हते.

दोन महिने नीट चालले. तिसऱ्या महिन्यात एका शनिवारी संध्याकाळी पिशवीतले पाणी ताकासारखे दिसले. बाईंनी इस्पितळात फोन केला. फोन घेणाऱ्याने सांगितले, "सोमवारी ओपीडीत या." सोमवारपर्यंत गृहस्थ तापाने फणफणले होते. आम्ही त्यांच्याबरोबर गेलो. पुढे दोन आठवडे इस्पितळात काढले आणि शेवटी नळी काढावी लागली. आज ते आठवड्यातून तीन वेळा मशीनवर जातात.

वाचकांनी इथे एक गोष्ट नीट पाहावी. फोन घेणारा माणूस दुष्ट नव्हता. गढूळ पाणी म्हणजे तासांचा प्रश्न आहे, दिवसांचा नव्हे, हे एक वाक्य त्याला कुणी शिकवलेले नव्हते. बाईंनाही कुणी शिकवलेले नव्हते, नाहीतर त्या सोमवारची वाट पाहत बसल्या नसत्या. दोघांच्याही अज्ञानाचे मूळ एकच होते.

डॉक्टर-सिस्टरांनी काय शिकावे?

पोटाच्या डायलिसिसची आंतरराष्ट्रीय संस्था १९८४ पासून काम करते. तिने २०१६ साली रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना कसे शिकवावे याचा अभ्यासक्रम प्रसिद्ध केला आणि २०२२ साली संसर्गाबाबतचे नियम सुधारून दिले. त्यांतले जे आपल्या घरांशी निगडित आहे तेवढे सोप्या भाषेत सांगतो.

पहिली गोष्ट शिकवण्याच्या कलेची. उत्तम नर्स असणे वेगळे आणि उत्तम शिक्षिका असणे वेगळे. मोठ्या माणसाला शिकवताना थोडे थोडे सांगावे, करून दाखवावे, त्याच्याकडून करवून घ्यावे, पुन्हा करवून घ्यावे आणि शेवटी परीक्षा घेऊनच घरी पाठवावे. अक्षरओळख नसेल तर चित्रांवरून आणि हातांवरून शिकवावे. सायकल चालवायला कुणी पुस्तक वाचून शिकत नाही. हेही तसेच हाताचे काम आहे.

दुसरी गोष्ट उजळणीची. एकदा शिकवले की संपले असे नाही. रुग्णाला संसर्ग झाला, तो इस्पितळात राहून आला, त्याची नजर मंदावली, हात थरथरू लागले, पिशवी दुसऱ्या कंपनीची आली किंवा घरातला पाणी बदलणारा माणूस बदलला, तर पुन्हा शिकवायला हवे. मुलीचे लग्न झाले आणि तिच्या जागी सून पाणी बदलू लागली, तर सुनेलाही पहिल्यापासून शिकवले पाहिजे.

तिसरी गोष्ट गढूळ पाण्याची. असे पाणी दिसले की रुग्णाला त्याच दिवशी बोलवावे, ती पिशवी बरोबर आणायला सांगावे आणि पाण्यातल्या पांढऱ्या पेशी मोजाव्या. एका मायक्रोलिटरला शंभराहून जास्त पेशी आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल जातीच्या असल्या तर संसर्ग धरावा. जंतू कोणता हे पाहण्यासाठी नमुना रक्ततपासणीच्या कल्चर बाटलीत घालावा. मात्र अहवालाची वाट पाहत न बसता नमुना घेताच अँटिबायोटिक सुरू करावे, शक्यतो पोटातल्या पाण्यातूनच द्यावे. योग्य औषध देऊनही पाच दिवसांत पाणी स्वच्छ झाले नाही तर नळी काढण्याचा निर्णय घ्यावा. संसर्ग बुरशीचा निघाला तर नळी काढायला मुळीच उशीर करू नये.

चौथी गोष्ट नळी बसवण्याची. नळी बसवण्यापूर्वी अँटिबायोटिकचा डोस द्यावा. नळी बाहेर येते त्या जागी पट्टा, नाडी किंवा साडीची गाठ घासणार नाही याचा विचार आधीच करावा. सर्जन कितीही नावाजलेला असो, आपल्या बायका साडी कुठे बांधतात हे त्याने उभे करून, बसवून पाहिले पाहिजे.

पाचवी गोष्ट माणसाची. पूर्वी रक्तातले आकडे ठीक आले की उपचार ठीक मानत. २०२० साली याच संस्थेने सांगितले की, आकडे पाहाच, पण रुग्णाला आयुष्यात काय करायचे आहे हेही विचारा. ज्याला रात्रपाळी आहे त्याचे वेळापत्रक वेगळे बसवता येते. ज्याच्या किडनीत अजून थोडा जीव आहे, त्याला सुरुवातीला कमी वेळा पाणी बदलून भागू शकते. त्यामुळे पैसा वाचतो, श्रमही वाचतात. ती उरलीसुरली लघवी जपणे फार मोलाचे आहे. म्हणून दुखण्यावरच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, हे रुग्णाला बजावणे डॉक्टरचे काम आहे.

हिशेबाची वही

आम्ही वाणिज्य शाखेचे. त्यामुळे ज्या कामाचा हिशेब ठेवला जात नाही ते काम सुधारते यावर आमचा विश्वास नाही. इथला हिशेब अवघड नाही. समजा, एखाद्या केंद्रात वर्षभर वीस रुग्ण घरी डायलिसिस करतात. त्या वर्षात सगळ्यांचे मिळून आठ वेळा संसर्ग झाले. आठाला विसाने भागा, ०.४० आले. २०२२ च्या नियमाप्रमाणे यापेक्षा जास्त प्रमाण असता कामा नये. बारा वेळा झाले असतील तर ०.६० आले, म्हणजे काहीतरी बिघडले आहे. मग शोधा. शिकवण्यात चूक आहे, नळीत आहे की औषधात?

दुसरा आकडा तपासणीचा. संसर्ग झाला पण जंतू कोणता ते प्रयोगशाळेला सापडलेच नाही, अशा केसेस शंभरात पंधराहून कमी असाव्यात असे हेच नियम सांगतात. त्या जास्त असतील तर नमुना घेण्याची आणि पाठवण्याची रीत शिकवायला हवी. दुकानदार रोजची विक्री लिहितो, बचत गटाच्या बाया दहा-दहा रुपये लिहितात. मग माणसाच्या जीवाचा हिशेब लिहायला काय हरकत आहे?

"यांच्याच्याने होणार नाही"

आता जरा कडू बोलतो. पोटाच्या डायलिसिसची गोष्ट निघाली की काही ठिकाणी रुग्णाकडे, त्याच्या कपड्यांकडे आणि पत्त्याकडे पाहूनच ठरते. खोली एक, माणसे सहा, शिक्षण बेताचे, तेव्हा यांच्याच्याने होणार नाही! असे म्हणणारे डॉक्टर वाईट असतात असे नव्हे. पुष्कळांनी शिकत असताना पोटाच्या डायलिसिसचे रुग्ण फार पाहिलेलेच नसतात. जे पाहिले नाही त्याची भीती वाटते आणि ती भीती रुग्णाच्या गरिबीच्या नावावर खपवली जाते.

या समजाला थायलंडने उत्तर दिले आहे. २००८ साली त्या देशाने आपल्या सर्वांसाठीच्या आरोग्य योजनेत पोटाचे डायलिसिस पहिले ठेवले. डायलिसिसचा खर्च न झेपणारे खेड्यापाड्यांतले हजारो गरीब लोक त्यामुळे उपचारात आले. पाण्याच्या पिशव्या टपाल खात्यामार्फत घरपोच पोहोचू लागल्या. सिस्टरांना या कामासाठी तयार करण्यात आले आणि गावातल्या आरोग्य स्वयंसेवकांची मदत घेण्यात आली. २०२२ साली तिथे रुग्णाला डॉक्टरांच्या सल्ल्याने दोहोंपैकी कोणताही प्रकार निवडण्याची मुभा देण्यात आली. तेही योग्यच आहे, कारण पोटाचे डायलिसिस सर्वांनाच मानवते असे नाही. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्यांना ते कठीण जाऊ शकते. पण अडचण वैद्यकीय असावी, वस्तीची नसावी.

एका खोलीतही हा उपचार होऊ शकतो. एक स्वच्छ कोपरा, पुसून काढलेले टेबल किंवा पाट, बंद केलेला पंखा आणि दार-खिडकी, अर्धा तास पोरांना बाहेर खेळायला पाठवणे, साबणाने हात धुऊन स्वच्छ फडक्याने पूर्ण कोरडे करणे, एवढे जमले पाहिजे. दिवसाला तीन पिशव्या म्हटल्या तर महिन्याच्या नव्वद होतात, एकशे ऐंशी लिटर पाणी. ते ठेवायला ओल न येणारी जागा लागते. या अडचणी खऱ्या आहेत. पण घरी येऊन खोली पाहणारी सिस्टर त्या सोडवू शकते, खुर्चीत बसून नाही म्हणणारा नव्हे.

आपल्याकडे काय?

केंद्र सरकारने २०१६ साली राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला. त्यातून जिल्हा रुग्णालयांत मशीनचे डायलिसिस आले. २०१९ साली पोटाच्या डायलिसिससाठीही मार्गदर्शक सूचना निघाल्या. कागद झाला. पण कागदाने नळी बसत नाही आणि पाणीही बदलत नाही. त्यासाठी तालुक्या-जिल्ह्यात शिकलेली माणसे हवीत.

महाराष्ट्रात डॉक्टरांना दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करताना निरंतर शिक्षणाचे तीस गुण दाखवावे लागतात. नियम चांगला आहे. पण सभागृहात बसून सही केली, जेवण केले, प्रमाणपत्र घेतले आणि सोमवारी वॉर्डात सगळे जुनेच चालू, असे झाले तर त्या गुणांचा रुग्णाला उपयोग काय? चांगल्या शिक्षणाची कसोटी एकच. ते संपल्यावर केंद्राच्या वहीतला संसर्गाचा आकडा खाली आला पाहिजे. आणि हे शिक्षण फक्त किडनीतज्ज्ञांपुरते नको. रात्रपाळीची सिस्टर, अपघात विभागातला शिकाऊ डॉक्टर, प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ, फोन घेणारा कर्मचारी, वस्तीतली आशाताई, या सर्वांना निदान गढूळ पाण्याचे ते एक वाक्य पाठ असले पाहिजे.

आपण काय विचारावे?

प्रश्न विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. आपल्या माणसाच्या पोटात नळी बसायची असेल तर पुढील गोष्टी नम्रपणे, पण न लाजता विचाराव्यात.

१. आम्हाला कोण शिकवणार, किती दिवस, रोज किती वेळ?

२. घरी पाठवण्यापूर्वी आमच्या हातून करवून पाहणार ना? मराठीत आणि चित्रांत लिहिलेला कागद मिळेल का?

३. रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी पाणी गढूळ झाले तर कोणत्या नंबरवर फोन करायचा आणि कुठे यायचे?

४. सिस्टर घरी येऊन जागा पाहतील का? पुन्हा उजळणी केव्हा?

५. तुमच्या केंद्रात गेल्या वर्षी किती रुग्ण होते आणि किती वेळा संसर्ग झाला?

६. कोणत्या सरकारी योजनेत हा खर्च बसतो? हे इस्पितळातल्या आरोग्यमित्रालाही विचारावे.

आणि घरी हे पाळावे. पिशवी गरम पाण्यात बुडवून कोमट करू नये, कोरड्या उबेनेच करावी. बद्धकोष्ठ होऊ देऊ नये, त्यामुळे नळी नीट चालत नाही. पाण्यावाटे शरीरातली प्रथिने निघून जातात, म्हणून डाळ, अंडी, मासे किती खावे हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. मधुमेह असेल तर पाण्यातल्या ग्लुकोजमुळे साखर वाढते, ती तपासत राहावी. आणि पाणी गढूळ दिसले, पोट दुखले किंवा ताप आला तर पिशवी घेऊन त्याच दिवशी निघावे. "सोमवारी या" असे कुणी म्हणाले, तर "आजच या म्हणून शिकवले आहे" असे सांगून दारात उभे राहावे.

आमच्या मंडळाने आपल्या भागातल्या किडनीच्या रुग्णांच्या घरच्यांची एक बैठक घ्यावी, तिथे या कामात मुरलेल्या एखाद्या सिस्टरला बोलवावे आणि सिव्हिल सर्जनांना निवेदन द्यावे असे आम्हाला वाटते. निवेदनात मागणी एकच असावी, पोटाचे डायलिसिस शिकवणाऱ्यांना दरवर्षी पुन्हा शिकवा आणि केंद्राचा आकडा भिंतीवर लावा. इतर ठिकाणच्या कार्यकर्त्यांनी आणि महिला मंडळांनीही हे करून पाहावे. यंत्र मागायला कोट्यवधी रुपये लागतात. शिकलेली सिस्टर मागायला एक अर्ज आणि चार माणसांची सही पुरते. तो अर्ज लिहायला अडचण वाटली तर आम्हाला कळवा, मसुदा करून देऊ.